चूल नव्हे, शेगडी

अग्निहोत्री घराण्यात हाती घेतलेलं काम आजवर कुणी अर्धवट सोडलेलं नाही. चार पिढ्यांची ही कीर्ती श्यामरावांनी त्या रविवारीही पानावर बसल्या बसल्या सांगायला घेतली, आणि ‘आजवर कुणी’पर्यंत आल्यावर त्यांची नजर समोर भात कालवणाऱ्या धाकट्या मुलाकडे गेली. वाक्य तिथेच राहिलं. श्यामरावांनी लिंबाची फोड मागितली.

चारुदत्तानं पस्तीस वर्षांच्या आयुष्यात तीन गोष्टी सोडल्या होत्या. पहिला समुद्र. इंटर सायन्स झाल्यावर तो खिदिरपूरच्या गोदीतून एका मालवाहू बोटीवर उमेदवार म्हणून चढला आणि दोन वर्षांनी त्याच गोदीत उतरला. का, असं विचारल्यावर “सगळं पाणीच असतं हो,” एवढंच म्हणाला. दुसरं आकाश. बेहालाच्या फ्लाइंग क्लबात तो विमान शिकला, एकट्यानं उडवलं, नीट खाली आणलं आणि पुन्हा काही वर गेला नाही. तिसरं सैन्य. ते मात्र त्यानं सोडलं नव्हतं. चीनच्या लढाईनंतर सरकारनं घाईघाईनं जे अधिकारी भरती केले होते त्यांना आता सावकाश घरी पाठवणं चाललं होतं, त्यात त्याचाही नंबर लागला. होळीच्या सुमाराला तो लोखंडी ट्रंक घेऊन भवानीपूरच्या घरी आला, आणि आंबे सुरू झाल्यावर एक दिवस, आमटी वाढून घेता घेता, त्यानं सांगून टाकलं की आपल्याला बेलगाछियाच्या कॉलेजात गुरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला आहे. सैन्यातून आलेल्यांसाठी तिथे एक जागा होती. त्या जागेसाठी दुसरं कुणी आलंच नव्हतं.

त्या दिवसापासून घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. अग्निहोत्र्यांकडे भांडणाची हीच रीत होती.

श्यामराव संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या आजोबांनी कलकत्त्यात बिऱ्हाड केलं त्याला सत्तर वर्षं होऊन गेली होती, आणि इतक्या काळात घरात मराठी टिकली ती केवळ आपल्यामुळे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा नियम साधा होता. पानावर कुणाच्या तोंडून इंग्रजी किंवा बंगाली शब्द निघाला की त्यानं मराठी शब्द सांगितल्याशिवाय पुढचा घास घ्यायचा नाही. याचा सगळ्यात जास्त जाच थोरल्या दिनकरला. तो हावड्याच्या एका कारखान्यात मॅनेजर होता, आणि घरी येई तो ‘प्रॉडक्शन’, ‘डिस्पॅच’, ‘लॉकआउट’ असल्या शब्दांनी गच्च भरून. त्याला गरम पोळी खाताना गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. त्या साली कलकत्त्यात रोज कुठल्या ना कुठल्या साहेबाला घेराव पडत होता. हा शब्द पानावर पहिल्यांदा आला तेव्हा श्यामरावांनी हात थांबवून विचार केला आणि ‘वेढा’ हा शब्द मुक्रर केला. त्यामुळे बाकीच्या शहरात मॅनेजरांना घेराव पडत असले तरी दिनकर अग्निहोत्रीला आठवड्यातून एकदा वेढाच पडे.

चारुदत्ताची कारकीर्दही याच चाळणीतून गेलेली. बोटीवर तो दोन वर्षं पत्र्यांवरचा गंज खरवडत होता. महाराष्ट्र मंडळात श्यामराव ‘आमचा नौकाधिकारी’ म्हणत. क्लबात तो शिकाऊ होता, मंडळात ‘वैमानिक’. सिक्कीमहून त्यानं कळवलं की आपल्याला ‘अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट’मध्ये टाकलंय. श्यामराव दोन दिवस गप्प होते आणि तिसऱ्या दिवशी मंडळाच्या गणपतीत म्हणाले, “धाकटा घोडदळात आहे.” दोनशे वर्षांपूर्वी बंगाल लुटून गेलेल्या मराठ्यांच्या घोडदळाची आठवण काढली की बंगाली शेजारी अजून थोडे दचकतात. श्यामरावांना ते आवडत असे.

‘गुरांचा डॉक्टर’ याला मात्र शब्द मिळेना. ‘ढोरवैद्य’ शिवीसारखा लागत होता. ‘पशुवैद्य’ त्यांना ठाऊक होता, पण एक दुपारभर तोंडात घोळवून त्यांनी तो नाकारला. “पशूंचा वैद्य की पशूच असलेला वैद्य? दोन्ही विग्रह होतात,” असं ते म्हणाले. “मी मंडळात काय सांगू?”

या सगळ्यात वृंदा काय म्हणते, हे कुणी विचारलं नव्हतं. वृंदा चारुदत्ताची बायको. नागपूरची. तिच्या वडिलांना ‘वैमानिक’ म्हणून सांगितलेला जावई लग्नाच्या मांडवात आला तेव्हा विमान सोडून महिना झाला होता. त्यानंतर दोन वर्षांत तो सैन्यात गेला, आणि वृंदा सासरे, मोठे दीर, मोठी जाऊ आणि तान्ही उज्ज्वला यांच्यात राहिली. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवू लागली. नवरा कुठे आहे ते तिला नकाशावर नेमकं दाखवता येई. बाकी काही सांगता येत नसे.

तिचं दुःख सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं ते कधी सांगितलं नाही. स्वयंपाकघर जाऊबाईंचं होतं. शकुनवहिनी मनानं वाईट नव्हत्या, फक्त सगळ्यात गूळ घालीत. आमटीत गूळ, भरल्या वांग्यात गूळ, कोबीतसुद्धा चिमटीभर. नागपूरकडच्या तिखटावर वाढलेल्या वृंदानं आठ वर्षं ही गोड आमटी मुकाट्यानं ओरपली होती. एकदा तिनं वहिनी देवळात गेल्या असताना बिनगुळाची आमटी करून पाहिली. रात्री वहिनी सगळ्यांना म्हणाल्या, “आज वृंदा दमलेली दिसते. गूळ विसरली.” आणि स्वतः उठून त्यांनी तो घातला.

म्हणूनच, जेव्हा दिनकरनं भावासाठी आपल्या कारखान्यात ‘वेल्फेअर ऑफिसर’ची जागा काढली, आणि त्या जागेबरोबर हावड्याला दोन खोल्यांचं क्वार्टर आहे असं तो म्हणाला, तेव्हा वृंदानं कुणालाही न सांगता शाळा सुटल्यावर फेरी बोट पकडली आणि ते क्वार्टर पाहून आली. दोन खोल्या. स्वयंपाकघर वेगळं. त्याला खिडकी. खिडकीबाहेर पेरूचं झाड. परतीच्या बोटीत बसून तिनं हुगळीच्या गढूळ पाण्याकडे पाहत तिखटामिठाचे डबे कुठल्या फळीवर ठेवायचे ते ठरवून टाकलं होतं.

आज त्याच गोष्टीचा निकाल लागायचा होता. दिनकरनं त्यासाठी चार वाजता फोर्ट विल्यममधल्या एका कर्नलसाहेबांना चहाला बोलावलं होतं. कर्नल विनायकराव सिक्कीममध्ये चारुदत्ताचे वरिष्ठ होते. वरिष्ठानं सांगितलं की सैन्यातला माणूस नाही म्हणत नाही, असा दिनकरचा हिशेब. कर्नलसाहेबांना नेमकं काय काय ठाऊक आहे, हे मात्र त्यानं आधी विचारून घेतलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर वृंदा गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली. गच्चीच्या कोपऱ्यात एक चिलेकोठा होता, म्हणजे बंगाली घरांत जिना संपतो तिथे असते तशी एकच खोली. तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि श्यामरावांच्या विद्यार्थ्यांच्या जुन्या उत्तरपत्रिका होत्या. सावलीला चारुदत्त बसला होता.

“अहो, एक विचारू?” वृंदा म्हणाली. “हे तरी शेवटपर्यंत कराल?”

त्यानं विचार केला. “माहीत नाही.”

“हो म्हणायला काय होतं?”

“बोटीवर चढताना हो म्हणालो होतो.” त्यानं वाळलेल्या धोतराचं एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि दोघांनी घडी घालायला घेतली. “काय आहे, बोटीवर सगळे विचारायचे, पुढे कोण होणार? क्लबात तेच. छावणीत तेच. खेचर विचारत नाही. त्याच्या कुठे दुखतंय ते आपणच हुडकायचं. मला तेवढं बरं जमतं.”

“आणि मी? मला कुठे दुखतंय?”

चारुदत्तानं धोतराची घडी पुरी केली. “गूळ,” तो म्हणाला.

वृंदा कपड्यांचा गठ्ठा घेऊन खाली आली. आठ वर्षांत हे त्याच्या लक्षात आलं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. लक्षात येऊनही तो काही बोलला नव्हता, हे जिना उतरता उतरता लक्षात आलं आणि आधीचा आनंद निम्मा झाला.

कर्नलसाहेब बरोबर चारला आले. उंच, मिशा पिकलेल्या, आवाज परेडचा. त्यांच्यापुढे शकुनवहिनींनी पोहे ठेवले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले गरम सिंगाडे, म्हणजे बंगाली सामोसे, ठेवले. उज्ज्वला दाराशी उभी राहून मिशा पाहत होती.

“आमच्या घराण्याला घोडदळ नवीन नाही,” श्यामरावांनी सुरुवात केली. “पण या पिढीत चारुदत्तानं ते नाव–”

“घोडदळ?” कर्नलसाहेबांनी पोह्यांचा चमचा थांबवला. “कुणाचं घोडदळ?”

“आपलंच. सिक्कीमचं.”

“अहो, कसलं घोडदळ! खेचरं होती. खेचरांची पलटण. बर्फात वर रसद न्यायची.”

दिनकरनं भावाकडे पाहिलं. भावानं सिंगाड्याकडे पाहिलं.

“मी लिहिलं होतं,” चारुदत्त म्हणाला. “अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट म्हणून. भाषांतर अण्णांनी केलं.”

“आणि तुमच्या या पोरानं काय केलं सांगू?” कर्नलसाहेबांना आता रंग चढला होता. “जनरलसाहेब तपासणीला आलेले. सगळी पलटण उभी. हा नाही! शोधतोय, शोधतोय, तर तबेल्यात. चमेली नावाची खेचरी आडवी पडलेली, पोटात कळ, आणि हा जमिनीवर पालथा, एक कान तिच्या पोटाला. जनरलसाहेब दारात. हा उठला नाही. उजवा हात मोकळा होता, त्यानं पडल्या पडल्या सॅल्यूट ठोकला.”

“अगं बाई,” शकुनवहिनी म्हणाल्या.

“जनरलसाहेब म्हणाले, कान काढ. हा म्हणतो, सर, आत्ताच आवाज सुरू झालाय.”

“कसला आवाज?” वृंदानं विचारलं. पाहुण्यांपुढे ती सहसा बोलत नसे.

“गुरगुर,” उत्तर चारुदत्तानं दिलं. “कळ आली की जनावराचं पोट मुकं होतं. पुन्हा गुरगुरलं की समजायचं, वाचलं.”

“मग?”

“मग काय, जनरलसाहेबांनीही कान लावला!” कर्नलसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले.

“आणि बढती दिली?” श्यामरावांनी आशेनं विचारलं.

“छे हो. त्यांच्या टोपीला शेण लागलं.”

श्यामराव मागे टेकले. सहा वर्षांचं घोडदळ त्यांच्या डोळ्यांदेखत खेचरांवर बसून उतार उतरत होतं. वृंदाला त्यांची दया आली; पण तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही होतं. एक माणूस, सगळी पलटण उभी असताना, एका जनावराच्या पोटाशी कान लावून पडला आहे, आणि त्याला उठवता येत नाही. बोटीवरून उठलेला, विमानातून उठलेला हाच तो माणूस.

“अश्वतर,” श्यामराव एकाएकी म्हणाले.

“काय?” दिनकर म्हणाला.

“खेचराला संस्कृतात अश्वतर म्हणतात. अश्व, त्याला तर-प्रत्यय. म्हणजे घोड्याहून अधिक.” ते सरळ बसले. “मी मंडळात घोडदळ म्हणालो ते कमीच म्हणालो.”

दिनकरला दिसलं की सभा हातची चालली. त्यानं घसा साफ केला. “ते सगळं ठीक आहे, अण्णा. पण आज प्रश्न वेगळा आहे. चारू पस्तीस वर्षांचा आहे. विशी-बाविशीच्या पोरांच्या बाकावर बसणार? पास होईल तेव्हा चाळिशी आली. इकडे मी त्याला पर्मनंट पोस्ट–”

“कायमची जागा,” श्यामराव म्हणाले.

“–कायमची जागा देतोय. क्वार्टर देतोय. कर्नलसाहेब, तुम्हीच सांगा. याच्यासारखा डिसिप्लिन–”

“शिस्तीचा.”

“–शिस्तीचा माणूस आम्हाला हवाय. गेटवर नुसता उभा राहिला तरी माणसं ऐकतील.”

“गेटवर का?” वृंदानं विचारलं.

दिनकरनं चहाचा कप उचलला. “म्हणजे तशी वेळ आली तर. वेल्फेअरचं काम म्हणजे माणसांशीच बोलायचं असतं, वृंदा.”

“जेठू,” दारातून उज्ज्वला म्हणाली, “बाबा गेटवर उभे राहणार? दरवानसारखे?”

“जेठू नाही, काका म्हण,” श्यामराव म्हणाले.

“दरवान नाही गं बाळ,” शकुनवहिनी म्हणाल्या. पोह्यांची ताटली खाली ठेवून त्यांनी पदरानं हात पुसले, आणि वृंदाला कळलं की आता काहीतरी होणार. कारण वहिनी हात पुसल्याशिवाय कधी खरं बोलत नसत. “सांगून टाका ना. वेढा पडला की आधी मॅनेजरला पडतो. आता मध्ये एक माणूस पाहिजे, म्हणजे आधी त्याला पडेल. मिलिटरीतला असला की बरा. टिकतो.”

“शकुन!”

“शकुन काय? मागच्या बुधवारी तुमचा डबा कसा पोचवला ते मला ठाऊक. मागच्या भिंतीवरून. त्या नेपाळी चौकीदारानं काठीला अडकवून घेतला. वरण सगळं सांडलं. भाऊजी, तुमचं ते क्वार्टर आहे ना, ते त्याच भिंतीच्या आत आहे.”

वृंदाला पेरूचं झाड आठवलं. झाडामागची उंच भिंतही आठवली. त्या दिवशी ती तिला सावलीसाठी बांधल्यासारखी वाटली होती.

“म्हणजे वेढा पडला की आम्हीही आत?” तिनं विचारलं.

“एखाद दिवस,” दिनकर म्हणाला. “फार तर दीड.”

“मी एकाचा डबा भिंतीवरून टाकते,” शकुनवहिनी म्हणाल्या. “तिघांचा नाही टाकणार. माझा खांदा दुखतो.”

कर्नलसाहेब घड्याळाकडे पाहू लागले. शत्रूनं आपल्याच फळीत तोंड काढल्यावर माघार केव्हा घ्यायची, याचं शिक्षण त्यांना मिळालं होतं. “माझं मत विचाराल,” उठता उठता ते म्हणाले, “तर अग्निहोत्रीला माणसांपुढे उभा करू नका. तो माणसांचं ऐकतो. खेचरांचं म्हणाल, तर त्याला तोड नाही.” आणि चारुदत्ताच्या पाठीवर थाप मारून, एक सिंगाडा हातात घेऊन ते गेले.

आता खोलीत घरचीच माणसं राहिली. दिनकरचा चेहरा उतरला होता. तो वाईट माणूस नव्हता. भावाचं भलं आणि स्वतःचं भलं एकाच दगडात साधतंय असं त्याला खरोखर वाटलं होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसाला उघडं पाडलं की तो जास्तच खजील होतो. “मला काय, तुमच्या मनाला येईल ते करा,” तो म्हणाला. “पण चार वर्षं. वृंदाच्या नोकरीवर. लोक काय म्हणतील?”

“वृंदा म्हणेल ते,” श्यामराव म्हणाले.

हे औदार्य नव्हतं. निर्णय न घेण्याचा त्यांचा तो नेहमीचा मार्ग होता. पण एकदा बोलले की ते मागे घेत नसत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे वृंदाकडे वळले. चारुदत्त मात्र वळला नाही. तो सिंगाड्यानं तेलकट झालेली बोटं पुसत होता. तो आपल्याकडे पाहत नाही म्हणजे त्याला फार हवंय, हे वृंदाला कळलं. हवंय असं तो आजवर कशाबद्दलच म्हणाला नव्हता.

वर्गात उठून उत्तर द्यावं तशी ती उभी राहिली.

“शिकू देत त्यांना,” ती म्हणाली. “माझा पगार आहे. मी इथेच राहीन. पण गच्चीवरचा तो चिलेकोठा मला हवा. मी माझा स्वयंपाक तिथे करीन.”

गुरांच्या डॉक्टरकीची बातमी आली तेव्हा या घरात शांतता पसरली होती. पण ती शांतता आता आठवली तर गलबला वाटावा, अशी ही होती.

“वेगळी चूल?” शकुनवहिनी अगदी हळू म्हणाल्या.

तो शब्द खोलीच्या मध्यभागी येऊन पडला. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं. भांडी वाटली, देव वाटले, भिंत आली. अग्निहोत्र्यांच्या चार पिढ्यांत ते झालं नव्हतं. म्हणजे एकदा झालं होतं, पण ते भाऊ काशीला गेले असं सांगत असत.

“मी काय कमी केलं?” शकुनवहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. “आठ वर्षं तुला ताटावर बसल्या जागी–”

“कमी नाही, वहिनी,” वृंदा म्हणाली. “थोडं जास्तच.”

“काय जास्त?”

आठ वर्षं गिळलेली गोष्ट एका शब्दाची होती, आणि तो शब्द आता फार लहान वाटत होता. एवढ्याशा ढेपेसाठी घर फोडायचं?

“गूळ,” चारुदत्त म्हणाला.

“गूळ?” शकुनवहिनींनी दिराकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं. “मेलीनं सांगायचं नाही का? मला काय गूळ आवडतो? अण्णांना लागतो म्हणून घालते! माझ्या माहेरी कोल्हापूरला कुणी तोंडाला लावणार नाही.”

सगळे श्यामरावांकडे वळले.

“मला?” श्यामराव म्हणाले. “मला कधीच आवडला नाही. कै. सौ. घालायची, म्हणून मी समजत होतो की घराण्याची पद्धत आहे.”

यानंतर प्रश्न सुटायला हवा होता. पण वृंदा उभीच होती. आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला अजूनही तो चिलेकोठा हवा आहे. गूळ नसला तरीही. खिडकी आहे तिथे एक, आणि खाली रस्त्यावरची ट्राम दिसते.

“तरीही हवा,” ती म्हणाली.

शकुनवहिनींनी पदर तोंडाशी नेला. दिनकर म्हणाला, “हे मात्र सेपरेशन झालं,” आणि कुणी त्याला शब्द विचारला नाही, इतकी वेळ गंभीर होती.

श्यामराव उठले. कपाटाशी गेले, एक जाड पोथी काढली, न उघडताच तिच्यावर हात ठेवला. वृंदाला वाटलं, आता शपथ.

“विद्यार्थी रात्रंदिवस अभ्यास करणार,” ते म्हणाले. “त्याला मधूनमधून चहा लागणार. चहाला शेगडी लागते. अभ्यासाच्या खोलीत शेगडी असली तर तिला कुणी चूल म्हणत नाही. चूल वेगळी नाही, शकुन. शेगडी वेगळी.”

“आणि शेगडीवर आमटी केली तर?” शकुनवहिनींनी विचारलं.

“ती शेगडीवरची आमटी.”

शकुनवहिनींनी डोळे पुसले. “कोळसे खालचेच घे मग,” त्या वृंदाला म्हणाल्या. “वेगळे आणू नकोस. बरं दिसत नाही.”

“आणि ऐका,” श्यामराव पोथीवर बोटं वाजवत म्हणाले; आता त्यांना आवरणं कठीण होतं. “शालिहोत्र म्हणून ऋषी होऊन गेले. अश्वचिकित्सेचे आचार्य. त्यांची विद्या जाणणारा तो शालिहोत्री. छत्रपतींच्या पागेत शालिहोत्री असत. ढोरवैद्य नाही, पशुवैद्य नाही. शालिहोत्री! अग्निहोत्र्यांच्या घरात शालिहोत्री!” त्यांनी तो शब्द दोनदा मोठ्यानं उच्चारून पाहिला. यमक जुळत होतं. “मंडळात मी उद्याच सांगतो.”

“गोरूर डाक्तार,” दारातून उज्ज्वला बंगालीत म्हणाली. तिला मघापासून एवढंच विचारायचं होतं. “बाबा गोरूर डाक्तार होणार ना?”

“घोड्यांचा,” श्यामराव म्हणाले. “आणि मराठीत बोल.”

पुढचा आठवडा सामानाच्या हलवाहलवीत गेला. दिनकरनं स्वतः चिलेकोठ्यातल्या मोडक्या खुर्च्या खाली नेल्या. उत्तरपत्रिका जाळायला काढल्या तेव्हा श्यामरावांनी दोन वाचल्या आणि त्यातल्या एकाला वाढीव गुण दिले. शकुनवहिनींनी आपली जुनी शेगडी वर पाठवली, तिच्यासोबत मसाल्याची बाटली, आणि कुणाला न दिसेल अशी गुळाची एक ढेप, शकुन म्हणून. वृंदानं ती ढेप खिडकीत मुंग्यांना ठेवली, आणि डबे फळीवर लावले, बोटीत ठरवले होते तसे.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी चारुदत्त सैन्यातले बूट घालून सकाळीच ट्रामनं निघाला. सगळं घर दारात आलं होतं. बोटीवर जातानाही असंच आलं होतं, हे कुणी बोललं नाही. संध्याकाळी तो परतला, सरळ वर आला, पाटावर बसला. वृंदानं आमटी वाढली. नागपूरची, लाल, तेलाचा तवंग असलेली. आठ वर्षांनी पहिली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

चारुदत्तानं भुरका मारला. थांबला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

“छान आहे,” तो म्हणाला. आणि जरा वेळानं, “थोडा गूळ आहे का?”

खिडकीतल्या ढेपेवरच्या मुंग्या झटकून वृंदानं तुकडा त्याच्या पानात ठेवला. “घोडे दाखवले का आज?” तिनं विचारलं. “खाली अण्णा वाट पाहतायत. चार माणसं बोलावलीत त्यांनी.”

“घोडे शेवटच्या वर्षाला,” चारुदत्त गूळ कुस्करत म्हणाला. “पहिलं वर्ष कोंबड्यांचं असतं.”

“कोंबड्यांचं?”

“हं. घरी ठेवून बघायच्या म्हणाले. खाणं, पिसं, आजार. चार-सहा आणाव्या लागतील.” त्यानं चिलेकोठ्यावरून नजर फिरवली. “हवा चांगली आहे इथे.”

हे कळल्यावर खाली श्यामरावांनी जमलेल्या मंडळींना काय सांगितलं ते पुढे बरेच दिवस भवानीपुरात चर्चेत राहिलं. ‘कुक्कुट’ हा शब्द त्यांना लगेच सुचला होता.

दिवाळीपर्यंत चिलेकोठ्यात नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा होता. स्वयंपाक पुन्हा खाली होऊ लागला.